घरची हातोडी : झाकली ओल सव्वा लाखाची



गणपतीच्या कार्यक्रमात महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो. तेवढ्यात उट्रेख्टकडच्या एका वहिनींनी गाठले. "भावजी, तुमच्या सदरासाठी प्रश्न आहे. आमच्या मागच्या बेडरूममध्ये कपाटामागची भिंत काळी पडली आहे. ह्यांनी ठरवलंय, दिवाळीच्या आत तिच्यावर खिप्सप्लाट मारून मोकळं व्हायचं. चार मीटरची भिंत आहे. किती बोर्ड आणायचे तेवढं सांगा."

मी म्हटले, "वहिनी, बोर्ड चार लागतील. पण भिंत काळी का पडली, ते पाहिलंत का?" "थंडीने," असे उत्तर आले. मग रांग पुढे सरकली आणि बोलणे अर्धवट राहिले. ते आज पुरे करतो, कारण हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी जुनी घरे घेतली आहेत आणि बाउमार्क्टमध्ये हे बोर्ड ढिगाने रचलेले दिसतात. मुंबईचे कंत्राटदार ज्याला जिप्सम बोर्ड म्हणतात, तेच इथले खिप्सप्लाट. मध्ये जिप्सम, दोन्ही बाजूंना जाड कागद. गवंडी नको, गिलाव्याची रेती-पाण्याची घाण नको, दोन दिवसांत भिंत आरशासारखी सपाट. वस्तू चांगलीच आहे. पण ती शेवटी लावायची असते, आणि आपण तिथूनच सुरुवात करतो.

माझी स्वतःची चूक

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. हेगमधले आमचे पहिले घर पहिल्या महायुद्धाच्या आधीचे होते. मागच्या खोलीच्या भिंतीला असेच काळे डाग होते. आईवडील पहिल्यांदाच पुण्याहून यायचे होते, म्हणून एका शनिवार-रविवारी मी भिंत पुसली, लाइमखिप्सचे गोळे लावून बोर्ड चिकटवले, सांध्यांत लांबी भरली आणि वर पांढरा रंग दिला. खोली अशी उजळली की आमच्या सौ.नेही कौतुक केले.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "इथे कुबट वास येतो रे." मी म्हटले, "नव्या रंगाचा आहे, जाईल." वडिलांना जुना दमा. पंधरा दिवसांत त्यांचा खोकला एवढा वाढला की त्यांची गादी दिवाणखान्यात हलवावी लागली. ते परत गेल्यावर मार्चमध्ये एक बोर्ड उचकटला, तर मागची बाजू तव्यासारखी काळी. बोर्डाचा कागद हे बुरशीचे खाद्यच असते. मी तिला ताट वाढून दिले होते आणि वर झाकण ठेवले होते. आईच्या नाकाला जे तीन दिवसांत कळले, ते मला कळायला चार महिने लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; झाकलेल्या ओलीची किंमतही साधारण त्याच हिशेबाने चुकवावी लागते.

आपली समजूत पावसाळ्यातली

ही चूक आपल्या हातून होते याला कारण आहे. आपण ज्या ओलीबरोबर वाढलो, ती बाहेरून आत येते. कोकणात पावसाआधी पडवीला झावळ्यांची झापे बांधतात, मुंबईत गळक्या गच्चीवर ताडपत्री घालतात. पाण्याला बाहेरच अडवायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. इथल्या हिवाळ्यात मात्र पुष्कळदा ओल उलट्या दिशेने चालते. ती घरात तयार होते आणि भिंतीकडे जाते.

चार माणसांच्या घरात श्वास, आंघोळ, स्वयंपाक आणि आत वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत मिसळते. आपल्या घरी तर कुकरच्या शिट्या, उकळता वरण-भात आणि वर पोळ्यांची वाफ. खोलीत २० अंश ऊब आणि ६० टक्के दमटपणा असेल, तर १२ अंशांपर्यंत गार असलेल्या कोणत्याही वस्तूवर त्या हवेतले पाणी सुटते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तोच प्रकार. बुरशीला तर थेंबांचीही गरज नसते. भिंतीलगतची हवा बराच काळ ८० टक्क्यांच्या आसपास दमट राहिली की तिला पुरते. कपाटामागे हवा खेळत नाही आणि हीटरची ऊबही पोचत नाही, म्हणून नेमकी तीच जागा काळी पडते.

आता अशा भिंतीपुढे बोर्ड उभा केला की काय होते? खोलीची ऊब बोर्डाशी अडते, त्यामुळे मागची वीट पूर्वीपेक्षा गार होते. वाफ मात्र कडेच्या फटीतून आणि प्लगच्या भोकांतून मागे जातच राहते. म्हणजे दुखणे तसेच राहिले, उलट ते दिसेनासे झाले.

आधी परीक्षा

कपाट ओढा, भिंत पुसून कोरडी करा. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर चौकोन घेऊन चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. बाहेर चांगली थंडी असताना दोन-तीन दिवस तसाच ठेवा. मग पाहा.

फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी दिसले, तर ओल घरातल्या वाफेची. उपाय फुकटचे आहेत. खिडकीवरची हवेची झडप, म्हणजे रोस्टर, थंडी वाजते म्हणून बंद करू नका. कुकर चढवण्याआधीच वासेमकाप सुरू करा. बेडरूममध्ये कपडे वाळत घालू नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, शक्य असल्यास आतल्या भिंतीला लावा. आर्द्रता मोजणारे छोटे घड्याळ मिळते, ते आणून काटा ४० ते ६० टक्क्यांत राहतो का पाहा.

भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसले, तर ते भिंतीतूनच येत आहे. डाग पावसावाऱ्यानंतर वाढत असेल, तर बाहेर जाऊन पन्हळ, पाण्याचा उभा पाइप, विटांमधले भुसभुशीत झालेले सांधे आणि खिडकीखालचा उंबरा पाहा. डाग तळमजल्यावर जमिनीपासून कमरेपर्यंत असेल आणि लोणा लागल्यासारखी पांढरी भुकटी येत असेल, तर पाणी जमिनीतून चढते आहे. डच लोक त्याला ओप्ट्रेकेंड फोख्त म्हणतात. जमिनीखालच्या क्रायपराउम्टेचे झाकण उघडून विजेरीने आत पाहा; पाणी साचलेले दिसेल किंवा एखादा नळ गळत असेल. या सगळ्यावर बोर्ड लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी स्वतः काहीही झाकू नये. फोटो काढावेत, तारीख घालून मालकाला लेखी कळवावे. दाद लागली नाही तर अशा तक्रारींसाठी ह्यूरकोमिसी आहे. झाकलेल्या ओलीचे फोटो निघत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

घर कोणत्या काळचे?

साधारण १९२० पर्यंतच्या घरांत बाहेरची भिंत बहुधा एकसंध विटेची असते. त्यानंतर दोन भिंती आणि मध्ये पोकळी, म्हणजे स्पाउमूर, ही पद्धत रूढ झाली. १९७०च्या दशकाच्या मध्यानंतरच्या घरांत पोकळीत थोडेबहुत थर्मल आवरण सापडते.

तुमच्याकडे रिकामी पोकळी असेल, तर आतून बोर्ड लावण्याचा विचार बाजूला ठेवा. बाहेरून भोके पाडून पोकळी भरून घेणे हा स्वस्त आणि बहुतेक वेळा एका दिवसाचा मार्ग आहे. खोलीही लहान होत नाही. मात्र पोकळीत वटवाघळे राहत नाहीत ना, हे काम करणाऱ्याने आधी पाहावे लागते. २०२३ मध्ये इथल्या राड फान स्टाटेच्या निकालानंतर हे फार काटेकोर झाले आहे.

पोकळी नसलेल्या एकसंध भिंतीला आतून आवरण देता येते, पण तिथे एक धोका आहे. अशा घरात मजल्याच्या लाकडी तुळयांची टोके बाहेरच्या विटेत बसवलेली असतात. भिंत गार झाली की टोकांना ओल धरते आणि वर्षानुवर्षे न दिसता लाकूड कुजू शकते. त्या घरात जाणकार माणसाला बोलावून सल्ला घ्या. सल्ल्याची फी तुळई बदलण्यापेक्षा नक्कीच कमी असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. नेदरलँड्समध्ये अॅस्बेस्टॉसवर १ जुलै १९९३ पासून बंदी आली. १९९४ च्या आधीच्या घरात जुना बोर्ड, बॉयलरच्या कपाटाचे अस्तर किंवा लिनोलियमखालचा करडा थर दिसला, तर त्याला करवत, ड्रिल, हातोडी काहीही लावू नका. आधी तपासणी करून घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल, तर मालकांच्या संघाला, म्हणजे व्हे-व्हे-एला विचारा.

आता काम

भिंत कोरडी, कारण दूर झालेले, परवानगीचा प्रश्न मिटलेला. आता बाउमार्क्टला जायला हरकत नाही. वहिनींच्या चार मीटर लांब आणि २.६० मीटर उंच भिंतीचा हिशेब असा : १.२० बाय २.६० मीटरचे, १२.५ मिलिमीटर जाडीचे चार बोर्ड. एक बोर्ड साधारण २८ किलोचा, तेव्हा दोघे लागतातच. बोर्ड नेताना नेहमी कडेवर उभा धरावा, आडवा धरला तर मध्येच मोडतो. खोलीत आणून एक दिवस सपाट ठेवावा.

चौकटीला धातूच्या पट्ट्या घ्या किंवा लाकडी रिपा. जमिनीला एक, छताला एक, आणि मध्ये ६० सेंटिमीटरवर एकेक उभी, म्हणजे एकूण आठ उभ्या. ओळंबा आणि पाणसळ लावल्याशिवाय एकही पट्टी ठोकू नका. जुन्या डच घरांच्या भिंती सरळ असतील, या भ्रमात राहू नका. पट्ट्यांमध्ये स्टेनवोल असे भरा की मागे हवा फिरायला पोकळी राहणार नाही.

त्यावर खोलीच्या बाजूने डाम्परेमेंडे फोली, म्हणजे वाफ अडवणारा प्लास्टिकचा कागद. तो उबदार बाजूलाच हवा. पट्ट्यांच्या पुढे आणि बोर्डाच्या मागे. सांधे १० सेंटिमीटर एकमेकांवर घ्या, चिकटपट्टी लावा. जमीन, छत, खिडकी आणि विजेच्या डब्या यांच्या कडा नीट बंद करा. संपूर्ण कामात कंटाळा येणारी जागा हीच आणि यश-अपयश ठरवणारीही हीच. माझ्या पहिल्या भिंतीत हा कागदच नव्हता.

बोर्ड कापायला करवत लागत नाही. थाळीत थापलेल्या वडीला आपण सुरीने रेघ मारतो, तसे धारदार चाकूने पुढच्या कागदावर पट्टी धरून रेघ मारा, मागून गुडघ्याने हलका दाब द्या, जिप्सम सरळ तुटते. मग मागचा कागद कापा. बोर्ड जमिनीपासून एक सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे फरशी पुसताना पाणी शोषणार नाही. स्क्रू २५ सेंटिमीटरवर एक. धातूच्या पट्टीला २५ मिलिमीटरचे बारीक आट्यांचे, लाकडाला ३५ मिलिमीटरचे जाड आट्यांचे. दीडशे आणले की पुरतात. डोके कागदाच्या किंचित आत जावे, पण कागद फाटू नये. फाटला तर तो स्क्रू काही धरत नाही, शेजारी दुसरा मारा.

सांध्यांवर जाळीची पट्टी आणि लांबी. एकदाच जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर द्या, प्रत्येक वाळू द्या, शेवटी घासा. रंग किंवा वॉलपेपरआधी फोरस्ट्राइकचा हात द्यायला विसरू नका. नाहीतर पुढे कधी वॉलपेपर काढाल, तेव्हा बोर्डाचा कागदही सोबत येईल.

बोर्ड लावण्याआधी घरच्यांना एक प्रश्न जरूर विचारा : या भिंतीवर काय टांगायचे आहे? देव्हारा, टीव्ही, पुस्तकांची फळी, जे काही असेल त्या जागी पट्ट्यांच्या मध्ये प्लायवूडचा तुकडा बसवून ठेवा. नुसत्या बोर्डात खिळा मारून देव्हारा टांगलात, तर देव काही दिवस सांभाळून घेतील, नेहमी नाही.

या सगळ्यात भिंत सात-आठ सेंटिमीटर पुढे येते, तेव्हा रेडिएटर आणि खिडकीची फळी यांचाही विचार आधी करा. सरकारी अनुदानासाठी तर आवरणाची क्षमता, म्हणजे आर-डी, निदान ३.५ लागते. त्याला १२ सेंटिमीटरच्या आसपास स्टेनवोल हवे. शिवाय काम कंपनीकडून करून घेतले तरच पैसे मिळतात. स्वतः केलेल्या कामाला मिळत नाहीत. अटी वर्षागणिक बदलतात, अर्जाआधी आर-व्ही-ओकडून खात्री करून घ्या.

छत आणि शेजारची भिंत

१९७०च्या दशकात घराघरांत लावलेल्या लाकडी पट्ट्यांच्या, म्हणजे स्ख्रोत्येसच्या छताला कंटाळून पुष्कळ जण बोर्डाकडे वळतात. जुन्या घरांत कुठे कुठे मऊ भुशाच्या बोर्डाचे, म्हणजे झाख्तबोर्डचे छत असते. ते आगीला फार लवकर पेट घेते, म्हणून बदलणेच बरे. जिप्समच्या स्फटिकात वजनाच्या सुमारे पाचवा भाग पाणी बांधलेले असते. आगीत ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत बोर्ड तग धरतो.

छताला ६० सेंटिमीटर रुंद, ९.५ मिलिमीटरचे बोर्ड हाताळायला सोपे. त्यांना रिपा ३० सेंटिमीटरवर आणि स्क्रू १५ सेंटिमीटरवर हवेत, कारण इथे सगळा भार स्क्रूवर असतो. 'टी' आकाराचा लाकडी टेकू करा किंवा बोर्ड उचलायचे यंत्र एका दिवसासाठी भाड्याने आणा. मान आणि संसार दोन्ही शाबूत राहतात. खोलीच्या मधोमध असलेली विजेची डबी, सेंट्रालडोस, कधीही बोर्डाखाली गाडू नका. तिच्यापर्यंत हात पोचलाच पाहिजे. आणि वर थेट छप्पर असेल, तर वाफ अडवणारा कागद इथेही लागतो.

पहिल्यांदाच हातोडी धरणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या घराला लागून असलेल्या भिंतीवर हात बसवावा. दोन्हीकडे ऊब, म्हणून हिवाळ्यातल्या दवाची भीती फारशी नाही, आणि हार्मोनियम-तबल्याचा रियाज करणाऱ्यांची सोयही होते. मात्र चौकट त्या भिंतीला कुठेही टेकू न देता एक-दोन सेंटिमीटर पुढे, फक्त जमीन आणि छताला बांधायची, आत स्टेनवोल भरायचे. बोर्ड थेट भिंतीला चिकटवला तर आवाज कमी होत नाही, कधी कधी वाढतो.

उरलेले तुकडे साध्या कचऱ्यात टाकू नका. मीलिउस्ट्राटवर जिप्समसाठी वेगळी जागा असते. युरोपातल्या बोर्डांचे बरेच जिप्सम कोळशाच्या वीजकेंद्रांचा धूर गंधकापासून साफ करताना मिळत आले आहे. इथल्या २०१९च्या कायद्याप्रमाणे २०३० पासून विजेसाठी कोळसा जाळता येणार नाही, तेव्हा जुन्या बोर्डांतून नवे करणे अधिकच मोलाचे ठरेल.

तर वहिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर : बोर्ड चारच लागतील. पण दिवाळीच्या आत नको. यंदा त्या भिंतीपुढची जागा मोकळी ठेवा, पाहुण्यांना सांगा की काम चालू आहे. पहिली कडक थंडी पडली की फॉइल लावा आणि पाणी कोणत्या बाजूला सुटले ते मला कळवा. आणि घरात कुणी म्हणाले की वास येतो आहे, तर नव्या रंगाचा आहे असे म्हणू नका.

पुढच्या अंकात लाकडी जमिनीच्या करकरीबद्दल.